इंजिनाशी कोणत्या शब्दांत बोलावे? : जुळवणीच्या सॉफ्टवेअरची एक तुलना

(अकादमीच्या चर्चासत्रात ‘भाषा आणि तंत्रज्ञान’ या विषयावर केलेल्या भाषणाचे लेखी रूप)



मराठी साहित्य शिकवणारी बाई इंजिन जुळवण्याच्या सॉफ्टवेअरविषयी बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेवर वाचून काहींना नवल वाटले असेल. माझे म्हणणे असे, की हा विषय जितका यंत्राचा तितकाच शब्दांचा आहे. इंदूर, बेळगाव, वडोदरा, हैदराबाद इथली आपली मुले अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतात, स्पर्धेसाठी शर्यतीच्या छोट्या गाड्या बांधतात आणि इंजिनाला लॅपटॉप जोडून बसतात. घरी मराठी, कार्यशाळेत हिंदी, कन्नड, गुजराती किंवा तेलुगू आणि पडद्यावर इंग्रजी, असा त्यांचा दिवस जातो. पडद्यावरचा शब्द नीट कळला नाही, तर बहुतेक मुले विचारत नाहीत; अंदाज बांधतात. परीक्षेत चुकीच्या अंदाजाने एखादा गुण जातो. इथे पिस्टन वितळू शकतो.

म्हणून आज अशा काही सॉफ्टवेअरची तुलना मांडते. किंमत किती, आलेख किती रंगीत, सोयींची यादी किती लांब, ही तुलना विक्रेताही करून देतो. मला तुलना करायची आहे ती त्यांच्या शब्दांची. शब्द कशाकडे बोट दाखवतो, त्याच्यामागे कोणते गृहीत लपले आहे, आणि लिहिलेले पुढच्या माणसाला वाचता येते की नाही, या तीन कसोट्या आपल्याला साहित्याच्या वर्गात परिचित आहेत. त्या इथेही चालतात, असा माझा दावा आहे.

आधी विषयाची थोडी ओळख करून देते. पूर्वी पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. मिस्त्री कानाने ऐकून आणि प्लगवरची काजळी पाहून स्क्रू फिरवीत. आता ते काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक करतो. इंजेक्टर किती वेळ उघडायचा आणि ठिणगी कधी टाकायची, हे तो प्रत्येक आवर्तनात ठरवतो. गाडीबरोबर येणारा ईसीयू कंपनीने बंद करून दिलेला असतो. त्याच्यातले आकडे बदलणे, म्हणजे रीमॅपिंग, हा एक मार्ग. तो ईसीयू बाजूला ठेवून बाजारात वेगळा मिळणारा, सर्व आकडे आपण भरायचे असा ईसीयू बसवणे, हा दुसरा. या दुसऱ्याला आफ्टरमार्केट किंवा स्टँडअलोन ईसीयू म्हणतात. आज त्याच्याविषयीच बोलायचे आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल रस्त्यावरच्या वाहनात मनाप्रमाणे करता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ ची प्रदूषणमर्यादाही आहे. त्यामुळे आपल्याकडे या ईसीयूचे योग्य स्थान म्हणजे शर्यतीचा ट्रॅक, प्रयोगशाळा आणि विद्यार्थ्यांच्या स्पर्धा. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणारी ‘फॉर्म्युला भारत’ ही अशीच स्पर्धा. पेट्रोल इंजिनाच्या गाड्यांना तिथे २० मिलिमीटर व्यासाच्या तोंडातूनच हवा घ्यावी लागते. कंपनीने भरलेले आकडे या अरुंद तोंडासाठी नसतात, म्हणून मुलांना सर्व आकडे नव्याने बसवावे लागतात. इथे ट्यूनिंग ही हौस राहत नाही; तिच्यावाचून गाडी धड चालत नाही.

ट्यूनिंगला मराठीत मी ‘जुळवणी’ म्हणते. आपण तंबोरा जुळवतो. खुंटी फिरवतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा खुंटीला हात घालतो. ईसीयूच्या जुळवणीत खुंटीच्या जागी कोष्टकातला आकडा असतो आणि कानाच्या जोडीला संवेदक. स्पीडुइनोसारख्या ईसीयूमध्ये इंधनाचे मुख्य कोष्टक १६ ओळी आणि १६ स्तंभांचे आहे, म्हणजे २५६ घरे. एका बाजूला इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार. ज्या घरात इंजिन आहे, त्या घरातला आकडा वाचून ईसीयू इंधन सोडतो. घराच्या अधेमधे असेल तर शेजारच्या चार घरांतून हिशेब काढतो.

ही घरे भरण्याचे साधन म्हणजे सॉफ्टवेअर. त्यात दोन घराणी दिसतात. एक हौशी अभियंत्यांचे. या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट नावाचा, स्वतः जोडायचा ईसीयू तयार केला. त्यासाठी आधी मेगाट्यून आणि पुढे ट्यूनरस्टुडिओ ही सॉफ्टवेअर आली. ऑस्ट्रेलियातील जॉश स्टुअर्ट यांनी सुरू केलेला स्पीडुइनो हा अर्डुइनो मेगा २५६० या स्वस्त बोर्डावर चालतो, त्याची आज्ञावली सर्वांना खुली आहे आणि तोही ट्यूनरस्टुडिओतूनच जुळवतात. दुसरे घराणे व्यावसायिक कंपन्यांचे. सिडनीची हॅलटेक आणि तिचे एनएसपी, न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चची लिंक आणि तिचे पीसीलिंक, मेलबर्नची मोटेक आणि तिचे एम१ ट्यून, अमेरिकेतील होली आणि तिचे होली ईएफआय. इथे ईसीयू आणि सॉफ्टवेअर एकाच घरचे असतात. एकाचे दुसऱ्याला चालत नाही.

आता पहिली कसोटी : शब्द कशाकडे बोट दाखवतो?

इंधनाच्या कोष्टकात एका घरात ८० हा आकडा दिसला, असे समजा. मेगास्क्वर्ट आणि स्पीडुइनो यांच्यात या कोष्टकाचे नाव व्हीई टेबल. व्हीई म्हणजे सिलिंडर हवेने किती भरतो त्याचे प्रमाण. ८० चा अर्थ असा, की सिलिंडरच्या क्षमतेच्या ८० टक्के हवा आत गेली, असे धरून हिशेब कर. हा आकडा एका भौतिक वस्तुस्थितीविषयीचे विधान आहे. लिंकच्या पारंपरिक पद्धतीत तोच ८० म्हणजे ‘मास्टर’ नावाच्या मूळ आकड्याचे ८० टक्के. मास्टर किती धरायचा, हे जुळवणाराच ठरवतो. म्हणजे हा ८० सापेक्ष आहे. मास्टर बदलला की त्याचा अर्थ बदलतो. लिंकमध्येच मॉडेल-आधारित दुसरी पद्धतही आहे, आणि ती निवडली की कोष्टकातला आकडा पुन्हा व्हीईचा होतो. होलीमध्ये कोष्टक ताशी पौंडांतही ठेवता येते. तिथे ८० म्हणजे तासाला ८० पौंड इंधन. हॅलटेकच्या जुन्या पिढीत कोष्टकात सरळ मिलिसेकंद असत, म्हणजे इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते. आजच्या एनएसपीत काळ आणि व्हीई हे दोन्ही पर्याय आहेत.

एकच आकडा आणि चार अर्थ. एका गाडीचे कोष्टक पाहून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे उतरवून घेणाऱ्या मुलाला हे कुणी सांगितलेच नाही, तर तो लिपी एक आहे म्हणून कोकणीतला मजकूर मराठी समजून वाचणाऱ्यासारखा फसतो. काही ओळी जुळतातसुद्धा, आणि धोका तिथेच असतो.

व्हीई पद्धतीचा गुण एका उदाहरणाने सांगते. पुण्याजवळ चाकणला बनलेले केटीएम ३९० चे ३७३ सीसीचे इंजिन विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. सिलिंडर पूर्ण भरला तर साधारण तापमानाला त्यात सुमारे ०.४४ ग्रॅम हवा मावते. शुद्ध पेट्रोलला एक ग्रॅममागे १४.७ ग्रॅम हवा लागते, म्हणजे पेट्रोल लागले सुमारे ०.०३ ग्रॅम. मिनिटाला २५० सीसी सोडणारा इंजेक्टर समजू. तेवढे पेट्रोल सोडायला त्याला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. ट्यूनरस्टुडिओत ‘रिक्वायर्ड फ्युएल’ नावाची चौकट हाच हिशेब करून देते. मग व्हीई ८० म्हणजे ८ मिलिसेकंद. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर चार-स्ट्रोक इंजिनाचे एक पूर्ण आवर्तन २० मिलिसेकंदांत होते, हे ताडून पाहिले की इंजेक्टर पुरेल की नाही तेही कळते. प्रत्येक पायरी कागदावर तपासता येते. मिलिसेकंदांच्या कोष्टकात उत्तर मिळते, पण ते का आले, हे लिहिलेले नसते. इंजेक्टर बदलला की ते सगळे कोष्टक नव्याने लिहावे लागते. व्हीईच्या कोष्टकात इंजेक्टरची माहिती तेवढी बदलायची, बाकीचे बहुतांशी टिकते. ज्या शब्दाचा निर्देश स्पष्ट, तो शब्द परिस्थिती बदलली तरी कामी येतो.

याच कसोटीवर दोन शब्द मराठीत आणताना काय होते पाहा. इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून तो प्रत्यक्ष उघडून इंधन वाहू लागेपर्यंत थोडा वेळ जातो, साधारण एक मिलिसेकंद. बॅटरीचा दाब उतरला की हा वेळ वाढतो. हॅलटेक आणि लिंक त्याला डेडटाइम म्हणतात. स्पीडुइनोत त्याचे नाव ‘इंजेक्टर ओपन टाइम’. आता याचे भाषांतर एखाद्याने ‘इंजेक्टर उघडा असण्याचा वेळ’ असे केले, तर शब्दकोशाप्रमाणे ते चूक दिसत नाही. पण अर्थ पार बदलला. उघडा असण्याचा वेळ आठ-नऊ मिलिसेकंद असू शकतो. इथे हवा आहे तो ‘उघडण्यास लागणारा वेळ’. इंग्रजी शब्दाने जो संदिग्धपणा चालवून घेतला, तो मराठीचे व्याकरण चालवून घेत नाही. ‘असण्याचा’ की ‘लागणारा’, हे मराठीला सांगावेच लागते. मातृभाषेत समजावून घेण्याचा फायदा इथे आहे : भाषांतर करताना आपल्याला कळले नव्हते काय, हे उघड होते.

दुसरा शब्द ठिणगीचा. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी टाकायची, त्याला इग्निशन टायमिंग म्हणतात. ‘ॲडव्हान्स’ म्हणजे ठिणगी आणखी आधी टाकणे, ‘रिटार्ड’ म्हणजे नंतर. ॲडव्हान्सचे ‘पुढे घेणे’ असे भाषांतर सहज सुचते. पण मराठीत परीक्षा पुढे गेली म्हणजे लांबली! काळाच्या बाबतीत आपले ‘पुढे’ बहुधा उशिराच्या दिशेने जाते. ‘टायमिंग दोन अंश पुढे घे’ हे वाक्य एक मिस्त्री एका अर्थाने घेईल, दुसरा उलट्या अर्थाने. ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडली, तर मिश्रण अवेळी भडकून नॉकिंग होते, आणि भार जास्त असताना तेच पिस्टनच्या मुळावर उठते. म्हणून इथे ‘लवकर’ आणि ‘उशिरा’ हेच शब्द हवेत. साधे आहेत, घरचे आहेत आणि कुणाचा गैरसमज होऊ देत नाहीत.

या ठिकाणी सॉफ्टवेअर मात्र एकमताने चांगले वागतात. सर्वांमध्ये ठिणगीचा कोन तात्पुरता एका आकड्यावर बांधून ठेवण्याची सोय आहे. मेगास्क्वर्ट-स्पीडुइनोत तिचे नाव ‘फिक्स्ड’, हॅलटेकमध्ये ‘टायमिंग लॉक’, लिंकमध्ये ‘सेट बेस टायमिंग’. पडद्यावर १० अंश बांधायचे आणि टायमिंग लाइटने पुलीवरची खूण पाहायची. दिसले तेही १० अंशच असले, तर शब्द आणि अर्थ जुळले. नसले, तर आधी ट्रिगरचा कोन दुरुस्त करायचा. ही एक तपासणी राहिली, तर पुढे भरलेले सगळे कोष्टक तेवढ्याच अंशांनी खोटे ठरते, पडद्यावर ते कितीही देखणे दिसो.

दुसरी कसोटी : शब्दामागचे गृहीत.

मिश्रण किती दाट, हे सांगण्याच्या दोन रीती आहेत. एक एएफआर, म्हणजे एक भाग इंधनाला हवेचे किती भाग. दुसरी लॅम्डा, म्हणजे इंधन पूर्ण जळायला नेमकी जेवढी हवा हवी, तिच्या किती पट हवा आहे. लॅम्डा १ म्हणजे नेमकी, १ पेक्षा कमी म्हणजे मिश्रण दाट, जास्त म्हणजे पातळ. शुद्ध पेट्रोलसाठी लॅम्डा १ म्हणजे एएफआर १४.७. इथपर्यंत दोन्हींत काही अंतर नाही.

पण आज आपल्या पंपांवर इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते, आणि आता ते प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. इथेनॉलला सुमारे ९ पटच हवा पुरते. त्यामुळे या मिश्रित पेट्रोलसाठी नेमके प्रमाण १३.५ च्या आसपास येते. धुराड्यातला वाइडबँड संवेदक मुळात लॅम्डा ओळखतो, एएफआर नव्हे. एएफआरचा आकडा दाखवणारा मापक बहुधा लॅम्डाला १४.७ ने गुणून दाखवतो. टाकीत मिश्रित पेट्रोल असले आणि मापकावर १४.७ दिसले, तरी आत प्रत्यक्ष प्रमाण १३.५ च असते. ‘पुस्तकात मिश्रित पेट्रोलला १३.५ दिले आहे’ म्हणून एखाद्या विद्यार्थ्याने मापकावर १३.५ येईपर्यंत इंधन वाढवले, तर त्याने दुरुस्ती दोनदा केली. मिश्रण नको तितके दाट झाले. उलट, नव्या इंधनावरही इंजेक्टरचा जुनाच काळ ठेवला, तर मिश्रण पातळ होते.

एएफआर हा त्या त्या इंधनाच्या बोलीतला शब्द आहे आणि लॅम्डा हा त्यामागचा अर्थ. व्यावसायिक सॉफ्टवेअर हल्ली बहुधा लॅम्डातच बोलायला सांगतात. ट्यूनरस्टुडिओत दोन्ही सोयी आहेत, पण हौशी परंपरेत एएफआरची सवय जुनी आहे. माझा कल इथे लॅम्डाकडे आहे. ज्या देशात पंपावरचे इंधन गेल्या काही वर्षांत बदलत आले, तिथे इंधन बदलले तरी न बदलणारा शब्दच विद्यार्थ्यांना द्यावा.

दुसरे गृहीत शंभर आणि शून्याचे. इंजिन थंड असताना जादा इंधन द्यावे लागते. मेगास्क्वर्टच्या वॉर्म-अप कोष्टकात १०० म्हणजे काही भर नाही, १५० म्हणजे दीडपट. लिंकमध्ये हीच गोष्ट शून्यापासून मोजतात. ० म्हणजे भर नाही, ५० म्हणजे दीडपट. दोन्ही रीती तर्काला धरून आहेत. पण ‘वॉर्म-अपला ५० ठेव’ हे वाक्य एका घरात दीडपट इंधन देते आणि दुसऱ्या घरात निम्मे. सॉफ्टवेअर शिकवताना पहिला प्रश्न ‘बटण कुठे आहे’ हा नसावा. ‘काहीच बदल नको असेल तर इथे कोणता आकडा लिहितात’, हा असावा. हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी कुठलेही सॉफ्टवेअर शिकेल.

तिसरे गृहीत स्वयंचलित जुळवणीचे. ट्यूनरस्टुडिओच्या सशुल्क आवृत्तीत ‘व्हीई ॲनलाइझ लाइव्ह’ आहे, लिंकमध्ये ‘क्विकट्यून’, होलीमध्ये ‘लर्न’. नावे मोठी आश्वासक आहेत. काम एकच : हवे असलेले मिश्रण आणि संवेदकाने सांगितलेले मिश्रण यांतला फरक पाहून घरातला आकडा बदलणे. म्हणजे सगळी भिस्त एका साक्षीदारावर. धुराड्याला संवेदकाच्या आधी फट असेल, तर बाहेरची हवा आत येते आणि संवेदक ‘मिश्रण पातळ आहे’ अशी साक्ष देतो. एखादा सिलिंडर मिसिंग करीत असेल, तर न जळलेला प्राणवायू तसाच बाहेर पडतो आणि साक्ष तीच. सॉफ्टवेअर मग निमूटपणे इंधन वाढवत राहते. ‘लर्न’ या शब्दात समजून घेणे सुचवले आहे. प्रत्यक्षात ते फक्त वजाबाकी करते. साक्षीदार विश्वासू आहे की नाही, हे माणसालाच पाहावे लागते. आणि ठिणगीच्या कोष्टकाची लवकर-उशिराची जबाबदारी तर ही साधने घेतच नाहीत. तिथे डायनो, नॉक ऐकण्याचे साधन आणि अनुभवी कान यांनाच पर्याय नाही.

तिसरी कसोटी : लिहिलेले पुढच्याला वाचता येते का?

जुळवणी संपली की सर्व आकडे एका फाइलीत राहतात. विद्यार्थ्यांचे संघ दर वर्षी बदलतात. यंदाचा अंतिम वर्षाचा विद्यार्थी नोकरीला जातो, गाडी आणि फाइल मागे राहते. ती फाइल म्हणजे त्या इंजिनाचा इतिहास.

ट्यूनरस्टुडिओची एमएसक्यू फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात असते. सॉफ्टवेअर नसले तरी नोटपॅडमध्ये उघडून कोणत्या घरात काय होते, हे वाचता येते. पडद्यावरचे मेनू, नावे आणि एकके आयएनआय नावाच्या दुसऱ्या मजकूर-फाइलीत लिहिलेली असतात. तीही उघडून पाहता येते. स्पीडुइनोची आज्ञावली जीपीएल परवान्याखाली आहे. आकडा ईसीयूच्या पोटात जाऊन काय करतो, हे शेवटच्या पायरीपर्यंत वाचता येते आणि त्यावर मराठी टिपणे लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. मेगास्क्वर्टची आज्ञावलीही वाचायला मिळते, पण ती त्यांच्याच हार्डवेअरवर वापरण्याचे बंधन आहे. वाचनाचे स्वातंत्र्य आणि वापराचे स्वातंत्र्य यांत फरक असतो, तो इथे दिसतो.

व्यावसायिक घराण्यात फाइल त्या त्या सॉफ्टवेअरमध्येच उघडते. मात्र पीसीलिंक आणि एनएसपी ही दोन्ही फुकट उतरवून घेता येतात, आणि ईसीयू जवळ नसतानाही नमुना-फाइल उघडून अभ्यास करता येतो. वर्गात शिकवायला ही मोठी सोय आहे. त्यांच्या मदत-पानांत प्रत्येक शब्दाची व्याख्या नीट लिहिलेली असते. हौशी परंपरेत ती अनेकदा विखुरलेली सापडते. मोटेकचे आय२ हे नोंदी वाचण्याचे साधन तर शर्यतीच्या जगात आदर्श मानले जाते. गाडी ट्रॅकवर काय करीत होती, ते त्यात फेरीगणिक मांडता येते. पण अनेक व्यावसायिक ईसीयूंत जुळवणारा आपले आकडे पासवर्ड घालून बंद करू शकतो. त्याच्या श्रमाचे रक्षण व्हावे, हे रास्तच. परंतु शिक्षणसंस्थेने पैसे देऊन जुळवणी करून घ्यावी आणि फाइल कुलूपबंद मिळावी, हे रास्त नाही. पोथी द्यायची आणि बस्ता सोडू द्यायचा नाही, असा तो प्रकार. काम देतानाच खुली फाइल लेखी मागून घ्यावी, असे मी प्रत्येक महाविद्यालयाला सुचवेन.

मग निवड काय? ज्यांना शिकायचे आहे त्यांनी ट्यूनरस्टुडिओ आणि स्पीडुइनोपासून सुरुवात करावी. तिथे चुका होतील, जोडणीत वेळ जाईल, पण प्रत्येक शब्दाच्या मुळाशी जाता येईल. ज्यांना ठरलेल्या तारखेला स्पर्धेत गाडी उभी करायची आहे आणि हाताशी कोणी जाणकार नाही, त्यांना लिंक किंवा हॅलटेकची व्यवस्थित कागदपत्रे आणि संरक्षणाच्या तयार सोयी उपयोगी पडतील. मोटेकचे सामर्थ्य नोंदींच्या विश्लेषणात आहे. ते वाचणारा माणूस संघात असेल, तरच तो खर्च सार्थकी लागतो. खुलेपणा आणि सुबकपणा यांचा हा सौदा आहे, आणि कोणत्या वर्षी कशाची गरज आहे ते संघाने ठरवावे.

आता आपल्या अकादमीच्या कामाकडे वळते. महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, पुढे अनेक विषयांचे परिभाषा कोश निघाले. मराठी विश्वकोशाने ‘अंतर्ज्वलन एंजिन’ सारख्या नोंदी मराठीत आणल्या. दट्ट्या, झडप, प्रज्वलन हे शब्द त्या परंपरेने रुळवले. त्या कामाविषयी मला आदर आहे. पण कार्यशाळेत मुले पिस्टन, व्हॉल्व्ह, टायमिंग, पिकअप, मिसिंग, चोक, रेस हेच म्हणतात, आणि पडद्यावर दिसणारे बटणही इंग्रजी शब्दाचेच असते. तिथे ‘प्रज्वलन-कालनिश्चिती’ लिहून दिले, तर विद्यार्थ्याला दोन परके शब्द पाठ करावे लागतील. बटणावरचा एक आणि पुस्तकातला एक.

म्हणून शब्द बदलण्याचा आग्रह सोडून स्पष्टीकरण मराठीत करावे, असे मला वाटते. बटणावरचा शब्द देवनागरीत जसाच्या तसा ठेवावा. त्याखाली चार गोष्टी लिहाव्यात : तो कोणत्या वस्तूविषयी बोलतो, एकक कोणते, ‘बदल नको’ याचा आकडा कोणता, आणि आकडा वाढवला की प्रत्यक्ष काय होते. नमुन्यासाठी एक नोंद अशी : ‘डेडटाइम. वीज मिळाल्यापासून इंजेक्टर उघडण्यास लागणारा वेळ. एकक मिलिसेकंद. उत्पादकाने दिलेला आकडा घ्यावा, शून्य ठेवू नये. बॅटरीचा दाब उतरला की हा वाढतो. आकडा वाढवला की प्रत्येक फवाऱ्यात तेवढेच जादा इंधन जाते, आणि त्याचा परिणाम मंद गतीवर अधिक दिसतो.’ अशा चाळीस-पन्नास नोंदी पुरेत. अभियांत्रिकीचा एक शिक्षक, कार्यशाळेतला एक मिस्त्री, मराठीचा एक प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी एका सत्रात हे करू शकतील. इंदूरला तर शेजारी पीथमपूर आहे. तिथे वाहनउद्योग आहे, ‘नॅट्रॅक्स’ ची ११.३ किलोमीटरची वेगचाचणीची धाव आहे. बेळगावला ओतकाम आणि सुट्या भागांचे कारखाने आहेत. माणसे आपल्याजवळ आहेत. त्यांना एकत्र बसवण्याचे काम अकादमीने करावे.

महाराष्ट्राबाहेर आपण मराठी टिकवण्याविषयी सतत बोलतो. गणेशोत्सव, नाटक, दिवाळी अंक यांत ती टिकली आहे, आणि ते कमी नाही. पण ज्या तासांत आपली मुले सर्वांत मन लावून विचार करतात, त्या तासांत ती त्यांच्याजवळ नसते. रात्री कार्यशाळेत इंजिन खडखडत असताना ‘लवकर की उशिरा?’ असे एकाने दुसऱ्याला मराठीत विचारले आणि दोघांनाही एकच अर्थ कळला, तर मराठी तिथेही कामाची ठरेल. अकादमीने त्या पन्नास नोंदींचे काम येत्या वर्षात हाती घ्यावे, एवढी विनंती करते आणि थांबते.